मोठ्या किचन आयलंडचा दगड: स्लॅब, जोड आणि बसायची बाजू

रेघोटी
सुतारकाम अजून सुरू व्हायचंय, म्हणून सगळं बदलता येईल अशा वेळी विचारतो. आयलंडचा, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधल्या सुट्या ओट्याचा, वरचा दगड ३३०० × १३५० मिमी. एका लांब बाजूला काम, दुसऱ्या बाजूला बसणं. खोलीचा हिशोब: कामाच्या बाजूला २५ मिमी बाहेर, ५८० ची कॅबिनेटं, त्यांना पाठ लावून ३५० ची उथळ कॅबिनेटं, २० चं पॅनेल आणि पुढे बसायला ३७५ मिमी अधांतरी दगड. डावीकडे सिंक, उजवीकडे इंडक्शन हॉब, मध्ये डिशवॉशर. दोन्ही टोकांना दगड जमिनीपर्यंत खाली आणायचा, म्हणजे वॉटरफॉल. कड ४० मिमी जाड दिसायला हवी. पांढरा दगड, लांबीच्या दिशेने राखाडी शिरा. वर जोड नको. २० मिमी घ्यावा की ३०? मार्बल की क्वार्ट्झ? ३७५ ला टेकू लागतोच का?

गुण्या
३३०० आणि "जोड नको" यांचंच आधी जमत नाहीये. क्वार्ट्झचा नेहमीचा स्लॅब साधारण ३०५० × १४४०, जंबो साधारण ३२०० × १६००. नैसर्गिक दगडात लांबी ब्लॉकवर ठरते. २४०० ते ३००० सर्रास मिळतात, त्याहून मोठे शोधावे लागतात, आणि त्यातही चारी कडा खडबडीत असल्याने बाजूला २५-५० मिमी छाटावे लागतात. जोड नकोच असेल तर आयलंड ३१०० वर आणा.

कॅबिनेट बनून बसली आणि मग स्लॅब बघायला निघाले, हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा चुकते. तोपर्यंत ३३०० चे ३१०० करायला सुतार तयार नसतो. आधी स्लॅब बघा, त्याचं वापरता येणारं माप स्वतः टेपने घ्या, ते सुताराला द्या.

खनिज
दगडाच्या जातीबद्दल.

मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट. लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की पृष्ठभाग विरघळतो आणि फिकट, निस्तेज ठिपका उरतो. सीलरने हे थांबत नाही. सीलर डाग आत मुरू देत नाही, पण आम्लाची क्रिया वरच्या वर होते. रोजच्या स्वयंपाकाच्या आयलंडवर मार्बल घ्यायचं तर पॉलिशऐवजी होन्ड (चमक नसलेलं, मऊसर) फिनिश घ्या, ठिपके कमी उठून दिसतात. कमी, नाहीसे नाही.

क्वार्ट्झाइट या नावाने जे विकलं जातं त्यात खरं क्वार्ट्झाइट असतं आणि डोलोमाइटी मार्बलही असतं. नमुन्याचा तुकडा मागून घ्या. त्याच्या तुटक्या टोकाने काचेवर दाबून रेघ ओढा. क्वार्ट्झची कठीणता मोहस मापावर ७, काचेची साधारण साडेपाच, कॅल्साइटची ३. खरं क्वार्ट्झाइट काच सहज कापतं, मार्बल नुसतं घसरतं आणि पांढरी भुकटी सोडतं. ती भुकटी बोटाने पुसून बघा. काचेवरची रेघ पुसली गेली तर ती काचेवरची नव्हतीच, दगडाची होती. मग त्याच तुकड्यावर लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवा, निस्तेज ठिपका पडला तर ते मार्बल.

क्वार्ट्झ स्लॅब म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास खनिज आणि बाकी रेझिन. आम्लाला घाबरत नाही, सील करावा लागत नाही. उष्णतेला मात्र घाबरतो. साधारण १५० अंशांच्या वर रेझिन पिवळं पडतं, आणि एकाच जागी तापलं तर रेझिन व दगड वेगवेगळे फुगून तडा जातो. कोरड्या तव्याचं तापमान सहज २०० च्या वर जातं. शेजारी धातूची जाळी कायम ठेवा. थेट ऊन येत असेल तर रेझिन हळूहळू पिवळसर होतं, तेही लक्षात असू द्या.

ग्रॅनाइट हा या सगळ्यात सोशिक. फक्त पांढरा आणि लांब शिरांचा ग्रॅनाइट फारसा नसतो. जे "पांढरं ग्रॅनाइट" दाखवतील त्यावर पाण्याचा थेंब १५ मिनिटं ठेवा. खालचा दगड काळवंडला तर तो पितो आहे, सीलर लागेल. जाता जाता: काळा घ्यायचा विचार आलाच तर पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन मागची-पुढची बाजू चोळा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे.

पाणसळ
३७५ ला टेकू लागतोच. दगडकामात धरला जाणारा नियम: २० मिमी दगड आधाराशिवाय १५० मिमीपर्यंत, ३० मिमी दगड २५० पर्यंत, आणि बाहेरचा भाग एकूण खोलीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. तुमचा ३७५ हा १३५० च्या एक तृतीयांशात बसतो, पण पहिल्या दोन्ही मर्यादा ओलांडतो.

माझं मत ३० मिमीच घ्या. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणजे २० पेक्षा सव्वादोन पट. कडकपणा घनाने, म्हणजे जवळपास ३.४ पट. वजन मात्र फक्त दीडपट.

सुतारपक्षी
हिशोब बरोबर, पण ४० मिमीची कड हवी असेल तर ३० घेऊनही खाली पट्टी जोडावीच लागणार. मग ३० कशाला? वजन बघा: ग्रॅनाइट २० मिमीला चौरस मीटरमागे ५४ किलो, क्वार्ट्झ ४८. ३१०० × १३५० म्हणजे ४.१८५ चौ.मी. क्वार्ट्झ २० मिमी २०१ किलो, ३० मिमी ३०० च्या पुढे. ते उचलून आत कोण नेणार?

२० मिमी, खाली पूर्ण १८ मिमी मरीन प्लाय, आणि बसायच्या बाजूला लपवलेल्या लोखंडी पट्ट्या. प्लायचा दुसरा फायदा उंचीचा. ४० ची कड म्हणजे दगडाच्या तळापासून २० मिमी आणखी खाली लटकणारी पट्टी. कॅबिनेटवर दगड थेट ठेवला तर वरचा ड्रॉवर आणि डिशवॉशरचं दार त्या पट्टीला अडकतं. प्लाय त्या २० मिमीची जागा भरून काढतो. उंची: पाया १५०, कॅबिनेट ७२०, प्लाय आणि लेव्हलच्या चकत्या मिळून २०, दगड २०, एकूण ९१०. डिशवॉशरला साधारण ८२० मोकळी उंची लागते, ती मिळते.

पट्ट्या: १० मिमी जाड, ६० रुंद, एकूण लांबी ६५०. त्यातले ३०० मिमी दगडाखाली बाहेर, म्हणजे कडेपासून ७५ मिमी आत थांबतात, गुडघ्याला लागत नाहीत. उरलेले ३५० पॅनेल आणि मागच्या कॅबिनेटवर. प्लायमध्ये खाच पाडून पट्टी वरच्या पातळीला आणायची. पट्टी अर्धा मिमी जरी वर राहिली तर दगड तिच्यावरच टेकतो आणि तिथेच मोडतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर ६०० पेक्षा जास्त नको. पट्टीचं मागचं टोक वर उचललं जायला बघतं, म्हणून तिथे किमान तीन स्क्रू, तेही कॅबिनेटच्या उभ्या फळीत. नुसत्या प्लायमध्ये नाहीत.

आणि आयलंड जमिनीला बांधा. नुसत्या प्लास्टिकच्या पायांवर उभं असलेलं आयलंड, एका बाजूला पाऊण हाताहून जास्त अधांतरी दगड, त्यावर कुणी दोन्ही हात टेकून उडी मारून बसलं तर काय होईल ते सांगायला नको. जमिनीवर लाकडी ठोकळे घट्ट करा आणि पायाची चौकट त्यांना आडवी स्क्रूने पकडा.

पाणसळ
प्लाय पूर्ण टाकणार असाल तर २० मान्य. फक्त सिंकच्या कटआउटला (सिंकसाठी कापलेल्या मोकळ्या जागेला) प्लायची जी कड उघडी राहते ती इपॉक्सीने किंवा सिलिकॉनने बंद करा. पाणी शिरून प्लाय फुगला की दगडाला खालून ढकलतो आणि कटआउटच्या कोपऱ्यातून चीर निघते.

दगडफूल
कटआउटचा विषय निघालाच आहे तर.

आतला कोपरा कधीही काटकोनी नको. किमान १० मिमी गोलाई, सिंकला २० मिळाली तर उत्तम. आधी चारी कोपऱ्यांवर होल मारायचे आणि मग होलपासून होलपर्यंत कटर चालवायचा. घाईत कटर कोपऱ्याच्या पुढे दोन-तीन मिमी गेला तर तिथे बारीक खाच राहते. वरून दिसत नाही, पॉलिशमध्ये झाकली जाते. तडा पुढे तिथूनच सुरू होतो. दगड ताब्यात घेताना उलटा करायला लावा आणि कोपऱ्यांवरून नख फिरवा.

सिंकच्या पुढची पट्टी ७५ मिमीपेक्षा कमी ठेवू नका. ती पट्टी दगडातला सगळ्यात कमजोर भाग. तिच्या तळाला खाच पाडून सळई भरायची पद्धत आहे, पण सळई फायबरग्लासची किंवा स्टेनलेसची हवी. साधं लोखंड ओलाव्याने गंजतं, गंज फुगतो आणि ज्या पट्टीला वाचवायला सळई घातली तीच फुटते.

सिंक खालून लावणार असाल तर नुसत्या सिलिकॉनवर भिस्त नको. ७५० × ४५० × २०० चा सिंक भरला की ६७ लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. कॅबिनेटच्या आत दोन आडव्या पट्ट्यांवर सिंक टेकवा. नळाचं होल ३५ मिमी. हॉबच्या कटआउटचं माप कंपनीच्या कागदावरून घ्या, हॉब समोर ठेवून घेऊ नका. भोवती थोडी फट लागते.

डिशवॉशरच्या वरच्या दगडाखाली बाष्परोधक पट्टी चिकटवा.

रेघोटी
बरंच स्पष्ट झालं. बदललेलं ड्रॉइंग: क्वार्ट्झ, जंबो स्लॅब ३२०० × १६००, २० मिमी. आयलंड ३१०० × १३५०, वर एकसंध. दुसऱ्या स्लॅबमधून वॉटरफॉलचे दोन्ही पाय, प्रत्येकी ९१० उंच. टोकाकडून ३०० वर सुरू करून दर ५०० ला लोखंडी पट्टी, एकूण सहा. ४० च्या कडेच्या दगडी पट्ट्या पहिल्या स्लॅबच्या उरलेल्या २५० मधून. बरोबर?

गुण्या
कापणी बसते. दोन गोष्टी.

एक, कडेची पट्टी आणि वरचा दगड ४५ अंशात मिळतात, तर पट्टी त्या कडेला लागूनच कापा. म्हणजे शीर वरून खाली वळते तशी दिसते. त्यासाठी वरचा भाग स्लॅबच्या मधोमध घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या चिंधीतून त्या-त्या बाजूची पट्टी. सगळी उरलेली बाजू एकीकडे ठेवली तर दुसऱ्या कडेची शीर जुळत नाही. ४५ ची धार चाकूसारखी राहते, टवके उडतात. २ मिमी चेम्फर मारायला, म्हणजे धार तिरकी घासायला सांगा. चिकटवायला रंग मिसळलेली इपॉक्सी. पॉलिएस्टर लवकर सुकतं म्हणून कारागिराला आवडतं, पण ते आकसतं आणि पांढऱ्या दगडात रेघ उठते.

दोन, पायांच्या शिरा. शिरा लांबीच्या दिशेने म्हणता. त्या वरून पायावर अखंड उतरायच्या तर ३१०० अधिक ९१० अधिक ९१०, म्हणजे ४९२० लांबीचा स्लॅब हवा. तो नाही. दुसऱ्या स्लॅबचे पाय कापले की कोपऱ्यावर शीर तुटलेली दिसणार. आणि कोपरा म्हणजे नेमकी तीच जागा जिथे डोळा जातो.

पाणसळ
त्याआधीचा प्रश्न. हा दगड खोलीत जातो का? ३१०० लांब, १३५० उंच, उभा धरून न्यायचा. दगड आडवा, पाटासारखा कधीच उचलायचा नाही, स्वतःच्या वजनाने कटआउटपाशी मोडतो. वाटेत काटकोनी वळण आहे का, आणि पॅसेज किती रुंद?

रेघोटी
आहे. दोन्ही पॅसेज १ मीटर. उंची २७००.

पाणसळ
मग नाही जात. दोन सारख्या रुंदीच्या पॅसेजच्या काटकोनातून वळणारी सगळ्यात लांब सरळ वस्तू म्हणजे रुंदीच्या २.८३ पट. एक मीटरला २८३० मिमी, आणि तेही जाडी शून्य धरून, हात-बोटं न धरता. ३१०० अडकणार.

तिरका केला तर? हा प्रश्न येतोच. स्लॅब एका टोकाने वर उचलला की जमिनीवरची त्याची लांबी आधी वाढते, कारण १३५० ची बाजूही आडवी पसरू लागते. ती पुन्हा ३१०० च्या खाली यायला जवळपास ४७ अंशांपर्यंत उचलावा लागतो, तेव्हा उंची ३१९० होते. छत २७०० वर. मार्ग बंद.

सुतारपक्षी
म्हणजे वळणाने जोड लादला. मग ३१०० कशासाठी? परत ३३०० वर जा, आणि जोड मधोमध घ्या.

प्रत्येक स्लॅबमधून १६५० ची अर्धी बाजू आणि तिला लागूनच ९१० चा तिचा पाय. १६५० अधिक ९१०, कटरची रुंदी धरून २५७० च्या आत. ३२०० च्या स्लॅबमध्ये आरामात. पाय अर्ध्या भागाला लागून कापला गेला म्हणून शीर वरून पायावर अखंड उतरते. वर-खालच्या २५० मधून त्याच ओळीत कडेच्या पट्ट्या, पायाच्या उभ्या पट्ट्याही. दोन्ही स्लॅब एकाच बॅचचे आणि लागोपाठच्या नंबरचे. नक्षी आरशासारखी जुळणारी जोडी मिळाली तर मधल्या जोडावर शिरा एकमेकींना भेटतात, आणि तेव्हा जोड लपवायची गरजच राहत नाही.

प्रत्येक अर्धा भाग १०७ किलो. चार माणसं पुरतात. वळणातूनही जातो.

गुण्या
पूर्ण सहमत. एकसंध दगडाच्या हट्टाने कोपऱ्यावर दोन जोड तुटक दिसणार होते, आता मधला एक सरळ जोड आणि कोपरे अखंड.

फक्त डिशवॉशर मधून हलवा. १६५० म्हणजे नेमका त्याच्यावर येतो. वर वाफ आणि खाली आधार देणारी फळी नाही, जोडाला याहून वाईट जागा नाही. डावीकडून असं लावा: पायाची जाडी आणि जुळवणीची फट मिळून ३०, मग डिशवॉशर ६००, सिंक ९००, ड्रॉवर ६००, हॉब ९००, शेवटी बाटल्यांचं अरुंद कपाट २४०, पुन्हा ३०. बेरीज ३३००. ७५० चा सिंक ७०५ ते १४५५, ५६० चा हॉब २३०० ते २८६०. जोड सिंकच्या कटआउटपासून १९५ मिमी, हॉबपासून ६५०. दोन्ही कटआउटमध्ये ८४५ चा सपाट दगड राहतो, काम करायलाही जागा.

दगडफूल
जोडाखाली प्लायचा जोड येऊ देऊ नका. तिथे प्लाय सलग, आणि त्याखाली ड्रॉवर कॅबिनेटमध्ये एक आडवी फळी वाढवा. जोड दीड मिमीपेक्षा रुंद नको, आणि दोन्ही भाग पातळीत इतके की नख अडकू नये. ओढून जवळ आणणारे व्हॅक्यूम क्लॅम्प कारागिराकडे आहेत का ते आधी विचारा. हाताने ढकलून जुळवलेला जोड इपॉक्सी सुकेपर्यंत सरकतो.

फर्मा, म्हणजे दगड कापायचा पूर्ण मापाचा नमुना, कॅबिनेट बसून, जमिनीला बांधून, पट्ट्या लागून झाल्यावरच घ्यायचा. कॅबिनेटची पातळी तीन मीटरला ३ मिमीच्या आत. दगडाने पातळी "बसून जाईल" असं कुणी म्हणालं तर काम थांबवा, दगड बसत नाही, मोडतो. फर्म्यावर वरची बाजू, पुढची बाजू, जोडाची रेघ, नळाचं होल, पॉप-अप सॉकेटचं होल, सगळं लिहून सही घ्या. सॉकेटची वायर जमिनीतून यायची असेल तर फ्लोअरिंगच्या आधी नळी टाकलेली हवी.

पायाच्या तळाशी जमीन कधीच सरळ नसते. दोन्ही पायांची उंची वेगवेगळी, पुढून आणि मागून स्वतंत्र मोजा. तळाला २ मिमी फट ठेवून सिलिकॉन. पाय जमिनीवर दाबून बसवला तर ४५ चा कोपरा उघडतो.

जागेवर कटिंग शक्यतो टाळा, आणि करावंच लागलं तर ओलं. क्वार्ट्झमधली सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसं कायमची खराब करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅबवर बंदी घातली.

रेघोटी
समजलं. मग लोखंडी पट्ट्या सात: टोकापासून ३००, पुढे दर ४५० ला.

पाणसळ
मोजून बघा, चौथी पट्टी बरोबर १६५० वर येते. जोडाखाली एकच ६० ची पट्टी म्हणजे प्रत्येक भागाला जेमतेम ३० मिमी टेकायला, आणि दोन्ही भाग एकाच पट्टीच्या हालचालीवर. जोडाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पट्टी हवी. आठ लावा: ३००, ७२०, ११४०, १५५०, १७५०, २१६०, २५८०, ३०००. पट्टीच्या मागच्या टोकाचे स्क्रू कॅबिनेटच्या उभ्या फळीत जायला हवेत, तेव्हा बसायच्या बाजूच्या ३५० च्या कॅबिनेटांच्या फळ्या याच मापांवर पाडायला सुताराला सांगा. अजून कापलेली नाहीत ना.